घाम फुटलेला बर्फ

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, लसी नेण्याची. रंगाने निळी, उंचीने तुमच्या गुडघ्याएवढी. मला पाहून कुणी 'वा!' म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. एका कारखान्यात प्लास्टिकच्या दोन भिंतींमध्ये जाड फेस भरला, तो कडक झाला आणि मी तयार झाले.

मला पाठवलं ते बाराही महिने उन्हाळा असलेल्या मुलखात. तिथे पावसातसुद्धा घाम यायचा. रस्ता म्हणजे एक रुंद, गढूळ नदी. तिच्या काठाला दाट जंगल आणि मधूनमधून लाकडी खांबांवर उभी असलेली घरं. नर्सताई मला मांडीशी घेऊन होडीत बसायची आणि म्हातारे नावाडीकाका इंजिनाशी भांडत होडी हाकायचे. माझ्या पोटात मधोमध लसीच्या कुप्या, भोवती बर्फाच्या चपट्या बाटल्या. बाहेर ऊन कितीही आग पाखडो, आतला गारवा टिकवायचा, एवढंच माझं काम.

माणसं मात्र मला एकेक भेटली! धक्क्यावरची चहावाली मला आपल्या छत्रीखाली घ्यायची आणि स्वतः उन्हात उभी राहायची. एका गावचे मास्तर शाळेतलं एकुलतं एक टेबल मला द्यायचे आणि स्वतः जमिनीवर बसून शिकवायचे. सुताराची आई माझ्यावर ओलं पोतं टाकायची, वर थोपटून म्हणायची, "दमलीस गं बाई!" मी कसली दमते? पण ऐकायला बरं वाटायचं.

एकदा नदीच्या वरच्या अंगाच्या गावात घटसर्प शिरला. घशाचा वाईट रोग तो. तिथल्या एका विणकरणीची थोरली लेक त्यात गेली. धाकटी अजून तान्ही होती. आदल्या खेपेला पुरामुळे आम्ही पोचू शकलो नव्हतो. या खेपेला काहीही करून तिला लस टोचायचीच, असं नर्सताईने ठरवलं होतं.

नेमकं अर्ध्या वाटेवर इंजिन बंद पडलं. होडी वाहत जाऊन गाळात रुतली. काकांनी इंजिनाला आधी गोंजारलं, मग शिव्या घातल्या, पण ते ढिम्म हललं नाही. दुपार कलली. माझ्या पोटातल्या बर्फाचं पाणी झालं आणि नर्सताईच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात मासे घेऊन बाजाराला निघालेली एक मोठी होडी आली. हकिकत कळताच त्या मच्छीमाराने माझं झाकण उघडलं आणि फावडंभर बर्फ माझ्या तोंडाशी आणला.

"थांबा, दादा!" नर्सताई ओरडली. "यात मीठ आहे का?"

"म्हणजे काय! मिठाने बर्फ आणखी गार होतो. मासळी कडक राहते."

"मासळी राहील हो! या कुप्या गोठल्या तर लस वाया जाईल."

तो बिचारा ओशाळला. मग त्याने तळाची, मीठ न लागलेली लादी काढून दिली. नर्सताईने ती फोडून पिशव्यांत बांधली आणि समोर ठेवून नुसती बघत बसली.

"आता कशाची वाट बघताय?" मच्छीमाराने विचारलं.

"बर्फाला घाम फुटायची. तोवर तो आत ठेवायचा नाही. कोरड्या, कडक बर्फानेही कुप्या गोठतात."

"काका," मच्छीमार म्हणाला, "आपण बर्फ वितळू नये म्हणून मरतो, आणि या ताई तो वितळायची वाट बघतायत!"

पिशव्या ओल्या झाल्यावरच त्या माझ्या पोटात गेल्या. मला हायसं वाटलं. पण गाव होतं वर आणि बाजार खाली. मच्छीमाराने आपल्या मासळीकडे एकदा पाहिलं. मग दोर टाकून आमची होडी आपल्या होडीला बांधली आणि तोंड वर वळवलं. "बाजार उठला तर उठला," तो म्हणाला. "मासळी नासली, तर आज घरी माझंच कालवण होईल!"

आम्ही गावाला पोचलो तेव्हा विणकरीण गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने बाळ पुढे केलं. सुई टोचली आणि त्या पोरीने असं भोकाड पसरलं की झाडांवरची पाखरं उडाली. आई रडता रडता हसू लागली. मच्छीमार मात्र पाठ फिरवून उभा राहिला. एवढा दांडगा गडी, पण त्याला सुई बघवत नव्हती.

आता माझं झाकण नीट बसत नाही. दवाखान्याच्या कोपऱ्यात माझ्यावर बसून लोक आपल्या पाळीची वाट बघतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्यांनी मला सावलीत घेतलं, त्यांच्याच लेकीसुना आता माझ्यावर टेकतात.

मित्रांनो, सुई टोचेल तेव्हा खुशाल रडा. पण रडून झालं की एवढं ध्यानात असू द्या, ती लस तुमच्यापर्यंत गार पोचावी म्हणून वाटेत कुणीतरी उन्हात उभं राहिलेलं असतं.