चमक कमी करताना

“एवढं लख्ख दिसतंय, आणि तू म्हणतेस टाकून द्या?” सरांनी पडद्यावरच्या हिरव्या गोळ्यावर पेन आपटलं.

“दिसतंय सर, पण अडकलेलं दिसतंय.”

मुलं मोठी झाल्यावर ती पुन्हा प्रयोगशाळेत आली होती, म्हणून सगळे तिला मावशी म्हणत. विषाणूच्या अंगावरचं प्रथिन पेशीच्या कडेला जमतं आणि तिथे विषाणूची बांधणी होते. ती होताना तिला बघायची होती. त्यासाठी तिने त्या प्रथिनाला एक चमकणारा तुकडा जोडला होता. विषाणू पोकळच, रोग करील असं आत काही नाही. पण चमक अंगावर घेतलेलं प्रथिन कडेपर्यंत पोचत नव्हतं. पेशीच्या पोटातच ढीग होऊन बसलं होतं.

“सोमवारी दुपारी पाहुण्यांना हेच चित्र दाखवू. खाली तुझं नाव. वाईट काय त्यात?”

“माझं नाव, हेच वाईट. बांधणी दाखवतो म्हणालो होतो आपण. ही नुसती रोषणाई आहे.”

सर हसले. “मग सोमवारी सकाळपर्यंत बांधणी दाखव. नाहीतर हेच जाईल.”

घरी नवऱ्याने दारातच विचारलं, “काय, पेटला का काजवा?”

“पेटलाय. जरा जास्तच.”

“मग तोंड का एवढंसं?”

“चमकेच्या ओझ्याने प्रथिनाला चालवतच नाहीये. आता साधं प्रथिन भरपूर घालणार आणि चमकणारं चिमूटभर. म्हणजे बांधणीला अडथळा नको.”

“लोक उजेडासाठी मरतात, आणि आमच्याकडे विझवायचं काम!”

“विझवत नाहीये हो. कमी करतेय.” ती हळूच म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिने नव्या पेशींत तसं मिश्रण सोडलं. रविवारीही जाऊन पेशी तगल्यात ना, एवढंच पाहिलं. चमक मुद्दाम पाहिली नाही. ती पाहायची तर मायक्रोस्कोपचा दिवा लावावा लागतो आणि दिव्याने ती झिजते. होती तीच थोडी.

सोमवारी सर मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत घाईघाईने शिरले, भिंगाला डोळा लावला आणि लगेच सरळ झाले. “काही नाहीये इथे.”

“आत्ता उजेडातून आलात सर. बसा. डोळे सरावू द्यात.”

“वेळ नाहीये गं. दिवा वाढव जरा.”

“वाढवला तर असलेलंही जाईल.” तिने दिवा बंद केला आणि बटणावर हात ठेवून उभी राहिली. “बसावंच लागेल.”

तिचा आवाज नेहमीइतकाच हळू होता. सर बसले. खोलीत फक्त पंख्याची घरघर. बऱ्याच वेळाने तिने दिवा अगदी मंद लावला.

“अगं... कडेला ठिपके आहेत. बारीक बारीक.” सरांचा आवाजही आपोआप खाली आला. “हा एक जमतोय... थांब, थांब. सुटला! बाहेर गेला गं!”

तिने डोळे मिटले, उघडले.

“तू पाहिलंस?”

“नाही अजून.”

“ये मग, बघ ना!” सर उठू लागले.

उजेड एका वेळी एकाच वाटेने जायचा, डोळ्याकडे नाहीतर कॅमेऱ्याकडे. आणि दुपारच्या पाहुण्यांसाठी कॅमेऱ्याचं चित्रण होईपर्यंत चमक संपणार होती.

“राहू द्या सर,” असं म्हणून तिने उजेडाची वाट बदलणारी दांडी कॅमेऱ्याच्या बाजूला ओढली. भिंग काळं झालं. मग स्टूल ओढून, हात मांडीवर ठेवून, ती त्या काळ्या भिंगाशेजारी बसून राहिली.