चार नंबरचे काका

आमच्या आयसीयूत परीक्षेच्या दिवशी चांगला पेशंट सगळ्यांनाच हवा असतो. त्या दिवशी तो मान चार नंबरच्या बेडवरच्या ड्रायव्हरकाकांना मिळाला. गळ्यातल्या नळीतून व्हेंटिलेटरवर श्वास चालू, पण माणूस पूर्ण शुद्धीवर आणि सांगाल ते ऐकणारा. त्यांना बेडच्या कडेला बसवून दाखवलं की फिजिओथेरपीचा रेसिडेंट सक्षम ठरला. माझ्या आधीच्या दोघांनी तासाभरात त्यांना दोनदा बसवलं आणि शाबासकी घेऊन मोकळे झाले. तिसरी मी.

पडदा सरकवला तर काकांचा श्वास मिनिटाला चौतीस, म्हणजे नेहमीच्या जवळपास दुप्पट, उशी घामाने भिजलेली. बसायचं का, असं विचारल्यावर त्यांनी मान हलवून हो म्हटलं. बिचारे तिघांनाही हो म्हणाले होते. मी छाती तपासली, नळीतला कफ काढला, उशी बदलली आणि हातमोजे उतरवले.

बसवायचं राहिलंय, परीक्षक मॅडमनी आठवण करून दिली. काका दमलेत, आता बसवणार नाही, असं मी सांगितलं. तेव्हा त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की परीक्षेच्या फॉर्ममधला हा रकाना रिकामा राहिला तर मी नापास, म्हणजे आणखी सहा महिने इथेच, आणि काम तर दोन मिनिटांचं. मला भीती वाटत होती, पण डोकंही चांगलंच तापलं होतं.

"मॅडम, पहिल्यांदा बसले ते त्यांच्या फायद्याचं होतं. दुसऱ्यांदा मार्कांसाठी बसले. आता कशासाठी बसवू?"

"न बसवण्याला या फॉर्ममध्ये मार्क नाहीत."

"मग नापास करा."

त्यांनी केलं. फॉर्मच्या तळाशी माझ्या सहीची जागा होती. तिथे मी आधी लिहिलं, 'श्वास चौतीस. तासाभरात तिसरी वेळ. म्हणून बसवलं नाही,' आणि मग सही ठोकली. मॅडमनी ते दोनदा वाचलं, पण खोडलं नाही.

संध्याकाळी आईला फोनवर सगळं सांगितलं. आता हिचं रडणं ऐकावं लागणार, अशी माझी खात्री होती. तिने एवढंच विचारलं, "त्यांना झोप लागली का गं?"

लागली, मी म्हटलं, आणि मग मीच रडले.

सहा महिन्यांनी पुन्हा त्याच फॉर्मसमोर उभी राहीन. पेशंट दमलेला असला, तर तो रकाना तेव्हाही रिकामाच राहील.