गळ्याची फाईल, डोळ्यांची फाईल

ताई बरी झाली. गळ्यातला कॅन्सर जळून गेला, डोळे आपापल्या खोबणीत परत गेले आणि समोरच्या गच्चीवरची एक मांजर तिला एकच दिसली. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. असं काही झालेलं नाही.

झालं ते असं. माझी थोरली बहीण सुंदुस आमच्या समुद्रकाठच्या स्फॅक्स शहरातल्या एका शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिच्या शरीराने स्वतःच्याच थायरॉईडवर चाल केली आणि जाता जाता डोळ्यांवरही हात टाकला. डोळे पुढे आले, पापण्या पूर्ण मिटेनात, एकाचे दोन दिसू लागले. तिच्या परीक्षेच्या वर्गात कॉपी साफ बंद झाली. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, उपचार हवे तर सुट्टीत घ्या." शेजारची खाला बहीजा मात्र जिन्यात ताई दिसली की पाच बोटं पसरून पुटपुटायची, "मासा, मासा." आमच्याकडे नजर माशाने उतरते. ताईला नजर लागली आहे की ताईची लागते, हे खालाने कधी स्पष्ट केलं नाही.

मग ग्रंथी काढली आणि तिच्यात कॅन्सर निघाला.

तेव्हापासून ताईच्या दोन फायली आहेत. गळ्याची फाईल डॉक्टर कम्मून यांच्याकडे, डोळ्यांची फाईल डॉक्टर त्रिकींकडे. मध्ये एक व्हरांडा आहे. तो या दोघांपैकी कुणी ओलांडलेला मी पाहिलेला नाही. फायली मी ओलांडतो.

कम्मून म्हणाले, "उरलेल्या पेशी किरणोत्सारी आयोडीनने जाळायच्या. त्याआधी चार आठवडे, ग्रंथीच्या बदली रोज घेता ती थायरॉईडची गोळी बंद. शेवटचे दोन आठवडे मासे बंद, बाजारचं मीठ बंद. पेशी आयोडीनला भुकेल्या पाहिजेत."

त्रिकी म्हणाले, "आयोडीनने डोळे भडकतील. गोळी बंद केली तरी भडकतील. द्यायचंच असेल तर माझ्या स्टेरॉईडच्या आडोशाने, आणि गोळीविना एक दिवसही जास्त नको."

गोळी बंद न करता काम भागवणारी एक सुई असते म्हणे. ती आमच्या हॉस्पिटलात दोन वर्षं 'येत आहे'.

मी कम्मूनना विचारलं, "आणि डोळ्यांचं?"

"डोळ्यांचं नंतर बघू."

हा निरोप मी व्हरांड्यापलीकडे नेला. त्रिकींनी चष्मा पुसला. "कशाने बघणार?"

शेवटी तारीख ठरली ती ईदच्या तिसऱ्या दिवसाची. आता स्फॅक्समध्ये ईदची सकाळ म्हणजे खारवलेला मासा आणि शरमुला, म्हणजे कांदा-मनुकांचं घट्ट गोडसर कालवण. घरोघर. त्या सकाळी अख्ख्या शहराला एकच वास येतो. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, म्हणून ताईची वाटी मी केली. मासा नाही, मीठ नाही. चवीला ओला पुठ्ठा.

"छान झालंय रे नौफल," ताई म्हणाली. "भिंतींना लावायला पुरेल ना?"

तेवढ्यात खाला बहीजा आली. मी कॉफी करायला आत गेलो. खालाने प्रेमाने आपली वाटी ताईपुढे ठेवली, मासा बारीक कुसकरून आत मिसळलेला. मासा पोटातून गेला की नजर आतून उतरते, हा तिचा स्वतःचा शोध.

ताईला दोन वाट्या दिसल्या. तिला रोजच सगळं दोन दिसतं, त्यामुळे ही एकच असणार असं धरून तिने जवळच्या वाटीत पाव बुडवला. पण ईद म्हणून पाहुण्यांसाठी तिने एका डोळ्यावर पट्टी लावली होती, आणि पट्टी लावली की तिला जेवढं आहे तेवढंच दिसतं. हे ती विसरली. वाट्या खरोखर दोन होत्या.

मी बाहेर आलो तेव्हा वाटी पुसलेली होती.

"ताई, मीठ कळलं नाही तुला?"

"पहिल्या घासाला वाटलं, डोळ्यांसारखा जिभेलाही भास व्हायला लागला."

"आणि दुसऱ्या?"

"दुसऱ्याला कळलं."

"मग बाकीचे?"

तिने पावाचा शेवटचा तुकडा बोटाने ढकलला. "ईद होती ना."

खाला म्हणाली, "बघ, रंग कसा आलाय चेहऱ्यावर."

तिसऱ्या दिवशी लघवीच्या तपासणीत आयोडीन सापडलं. भरपूर. कम्मून म्हणाले, "पेशींचं पोट भरलंय. औषध आता वाया जाईल. दोन आठवड्यांनी या. गोळी बंदच ठेवा."

ते दोन आठवडे गोळीविनाच चालले होते. दहाव्या दिवशी ताई वह्या तपासत होती. तिने मला विचारलं, "या पेनात विटकरी शाई कुणी भरली?"

पेन लाल होतं.

मी तिला घेऊन धावत त्रिकींकडे गेलो. त्यांनी एकेक डोळा झाकून तिला लाल टोपण दाखवलं आणि खाली बसले. "डोळ्यामागची नस दाबली जातेय. सलाईनमधून स्टेरॉईड आत्ता सुरू. गोळीही आजपासून."

कम्मून म्हणाले, "आज गोळी घेतली तर सगळं पहिल्यापासून. गोळी परत बंद करायला दोन महिने तरी जातील. गळ्यात उजवीकडे ज्या पेशी उरल्यात त्या तेवढे दिवस थांबतील, असं मी लिहून देऊ शकत नाही."

"मग काय करू?"

"त्रिकींना विचारा."

त्रिकी म्हणाले, "कम्मूनना विचारा."

दोघंही खोटं बोलत नव्हते, तीच अडचण होती. ताई सलाईन लावून पडली होती. गोळी तिच्या तळहातावर होती, आणि त्या दिवशी पट्टी नव्हती.

"नौफल, मला दोन दिसतायत. तू सांग, घेऊ का नको?"

मला एकच दिसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, बहुधा तिला दिसणाऱ्या दोन्ही नौफलांकडे, आणि गोळी पाण्याबरोबर गिळली. मी खाली हॉस्पिटलच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, जे काय असेल ते लेखी द्या. दिलं.

'प्रति, मा. प्रशासक. विषय: मुदतवाढ मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराच्या बहिणीचा गळा व डोळे हे एकाच इसमाच्या अंगावर असल्याची कृपया नोंद घ्यावी. डोळ्यांचे काम सुरू असल्याने गळ्यातील उर्वरित पेशींनी पुढील दोन महिने वाढू नये, असे आदेश आपल्या स्तरावरून त्यांना देण्यात यावेत व आदेशाची एक प्रत अर्जदारास मिळावी, ही नम्र विनंती.'