टेप ताणलेली नव्हती

मी शिंप्याच्या गळ्यातली टेप बोलतेय. इंच मला बिनचूक सांगता येतात, पण ते का घटले हे सांगता येत नाही. याचीच मला खंत आहे.

दुकान दोघा भावांचं. दादा कापायचा, धाकटा शिवायचा. शिंप्याला स्वतःचं माप नीट घेता येत नाही, म्हणून दरवर्षी दोघं एकमेकांचं माप घेऊन एकमेकांना शर्ट शिवायचे. "दादा, पोट आत ओढू नकोस, टेपला सगळं कळतं!" म्हणत धाकटा मला गुंडाळायचा. दादाची छाती तेव्हा चाळीस भरायची.

एकदा गिऱ्हाइकासमोर धाकटा बोलून गेला, "बाही दादानं चुकीची कापलीय." झालं! दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग थाट तुझं वेगळं दुकान!" धाकट्यानं रस्त्यापलीकडे, अगदी समोरच थाटलं. सात वर्षं अबोला.

धाकटा समोर दिसला की दादाच्या मानेची शीर माझ्याखाली थाडथाड उडायची. त्याचं जेवण तुटलं, झोप उडाली. डॉक्टरांनी सगळं तपासलं. "पोटात दोष नाही. कशाचा घोर लागलाय का?"

"छे! मला कसला घोर?" दादानं मला गळ्यात सारखं केलं आणि तो उठला.

पाचव्या वर्षी शर्ट अंगावर लोंबायला लागले, तेव्हा त्याच्या बायकोनं, वहिनीनं, मला त्याच्या छातीभोवती धरलं. सदतीस.

"टेप ताणली गेलीय. टाकून दे," दादा म्हणाला. माझी रवानगी बटणांच्या खणात झाली. फार राग आला मला.

आणखी दोन वर्षांनी वहिनीच रस्ता ओलांडून गेली. "भाऊजी, मानपान राहू द्या. तुमच्या दादांचं माप घ्यायला चला."

धाकटा आला. त्याच्या टेपवर चौतीस. विश्वास बसेना, म्हणून त्यानं खणातून मला काढलं. माझ्यावरही चौतीसच.

"दादा, टेप ताणलेली नाही रे," म्हणत तो ढसाढसा रडला.

दादानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बाही मीच चुकीची कापली होती."

नव्या शर्टाच्या शिवणीत धाकट्यानं दोन इंच कापड जास्त ठेवलं. अंगानं भरलास की उसवून मोठा करू, म्हणाला. दादा चार घास जास्त जेवू लागला, शांत झोपू लागला. पण हृदय थकलेलं होतं. पाच महिन्यांत तो गेला. ते दोन इंच तसेच राहिले.

आता मी धाकट्याच्या गळ्यात असते. तुमच्या माणसाचे कपडे ढिले व्हायला लागले, तर कृपा करून टेपला दोष देऊ नका. आमच्या दोन दुकानांमधला रस्ता अठरा पावलांचा आहे. दादाचं दुकान उघडायला धाकटा तो रोज ओलांडतो, आणि मी मोजते.