आणखी थोडे दिवस

अहिल्याने पलंगाची एक बाजू उचलली आणि कमरेने रेटा देत तो मागच्या खोलीत ढकलला. मुंबईच्या इस्पितळातून नुकतेच गावी, सरावलीला परतलेले तिचे यजमान एकनाथराव तिच्यापासून लांब, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून बघत होते.

"तिरका गेला. एवढंही सरळ जमत नाही."

तिने पलंग सरळ केला.

स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर वर्षभरातच त्यांचं डावं मूत्रपिंड काढावं लागलं होतं. तरी कर्करोग फुफ्फुसांत आणि हाडांत पोचलाच. गोळ्यांचा उपयोग होईना, तेव्हा २०१७च्या हिवाळ्यात डॉक्टरांनी चाचणीतलं एक नवं औषध सुचवलं. गाठींच्या पेशी ओळखून त्यांनाच चिकटणारी प्रतिपिंडं, आणि त्यांच्या पाठीवर किरणोत्सारी अणू. शिरेतून दिलं की ते आपलं आपण गाठी शोधत जातं. मात्र अंगातून काही दिवस किरण बाहेर पडत राहतात. म्हणून घरी वेगळी खोली, वेगळा संडास, आणि कुणी जवळ बसायचं नाही.

"त्या औषधाला निदान काय धरायचं ते कळतं," पलंगावर टेकताना एकनाथराव म्हणाले. "या घरात कुणाला काय कळतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ उमेश आला. फाटकाबाहेरच थांबला, नाकाला रुमाल लावून.

"दादा, जपा हं! वहिनी, काही लागलं तर फोन करा."

"रुमालाने किरण अडवतोय," खिडकीतून त्याला ऐकू जाईल असा आवाज आला. "आणि म्हणे पंचायत समितीत साहेब!"

उमेश कसनुसा हसला आणि स्कूटर वळवून गेला. अहिल्या पायरीवर उभी होती. लग्नापासून तिने हेच ऐकलं होतं. पाहुण्यांसमोर आमटीची वाटी सरकवून "हे पाणी कुणासाठी?" असं विचारणं. शेजाऱ्यांपुढे तिच्या वेड्यावाकड्या सहीची नक्कल करणं. ती खाली मान घालून वाटी उचलायची. आपल्याबद्दल तिला काय वाटतं, हे एकनाथरावांनी कधी विचारलं नव्हतं, आणि तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

आता मध्ये दार होतं. आवाज यायचा, पण चेहरा दिसायचा नाही. जेवण दारात ठेवून ती परत फिरायची, आणि पाठीमागून आलेले शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोचेतोवर निम्मे विरून जायचे. दुपारी ती झोपाळ्यावर बसू लागली. रेडिओ लावू लागली. एके दिवशी बाजारातून तिने सुके बोंबील आणले. त्यांना वास खपायचा नाही म्हणून ते या घरात कधी शिजले नव्हते.

"काय ही घाण! अक्कल गहाण टाकलीस का?"

तव्यावरचा बोंबील तिने उलटला. दुसरी बाजू नीट खरपूस होऊ दिली. मग दारात पाट घेऊन, वाऱ्यावर बसून, सावकाश जेवली.

रविवारी सकाळी फोन वाजला. इस्पितळातली नर्स होती.

"काकू, उद्यापासून काका सगळ्यांमध्ये बसले तरी चालेल. त्यांचा पलंगही पहिल्या जागी घ्या. फक्त पुढच्या आठवड्यात रक्त तपासायला आणा, प्लेटलेट कमी होऊ शकतात."

"बरं," अहिल्या म्हणाली.

"कोण होतं?" आतून प्रश्न आला.

"हॉस्पिटल."

"काय म्हणाले? का तेही तुला समजलं नाही?"

तिने फोन टेबलावर उपडा ठेवला.

"आणखी थोडे दिवस वेगळंच राहायला सांगितलंय."

आत पलंग कुरकुरला, चपला घासल्याचा आवाज आला आणि एकनाथराव दारात आले. इतक्या दिवसांनी ती त्यांना समोरून बघत होती. सदऱ्याच्या गळ्यातून मानेची हाडं दिसत होती.

"डॉक्टर मला रविवारपर्यंतच म्हणाले होते."

तिने नजर वळवली नाही. पदराचं टोक मात्र मुठीत घट्ट धरलं होतं. ते तोंड उघडतील आणि नेहमीचं काहीतरी बोलतील, म्हणून ती वाट बघत राहिली.

"थोडे म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"कळवते."

त्यांनी मान हलवली. मग ते मागे सरकले आणि दार ओढून घेतलं, आवाज होणार नाही इतक्या हळू.