गुलिझारच्या हातातला ससाणा

माझी नजर गेली आहे हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही. डोंगराच्या धारेवर बसलो होतो, समोर समुद्र, आणि शेजारच्या आडोशातून कुणीतरी ओरडलं, "उस्ताद, आला बघा, आला!" मला नुसतं भुरकं आभाळ दिसत होतं. तरी मी मान डोलावली आणि म्हणालो, "मादी आहे. यंदाचीच." नशीब बघा, मादीच निघाली. सगळे वा वा करत राहिले आणि मी आपला मिशीवरून हात फिरवत बसलो.

रिझे शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, मोतीबिंदू आहे, वीस मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, बघू. वीस मिनिटांना घाबरलो नव्हतो हो. दवाखान्यातून डोळ्याला पट्टी बांधून आलो असतो तर खालच्या अर्हावी गावापासून वरच्या शेवटच्या घरापर्यंत बातमी गेली असती, की हुर्शित उस्तादाला दिसत नाही. मग उस्ताद कसला?

आमच्याकडे, तुर्कस्तानच्या या काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर, उस्तादाचं काम एकच. सप्टेंबरच्या सुमाराला उत्तरेकडून ससाणे येतात, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून खाली जातात. आम्ही फांद्यांच्या आडोशात दबा धरून ते जाळ्यात धरतो, आठवडाभर हातावर बसवून माणसाळवतो, मक्याच्या शेतात त्यांच्याकडून लावे धरवतो आणि हंगाम संपला की सोडून देतो. पण धरलेला प्रत्येक पक्षी ठेवायचा नसतो. नर असेल तर सोडायचा. मादी असेल पण यंदा जन्मलेली नसेल, जुनी असेल, तर सोडायची. आणि एक दुसरी जात आहे, दिसायला अगदी तशीच, पण डोळा काळा. ती सरडे-किडे खाते, लाव्याकडे ढुंकून बघत नाही. तीही सोडायची. आपल्या पक्ष्याचा डोळा पिवळा. हे सगळं पक्षी हातात घेऊन उस्तादाने सांगायचं, आणि तो 'सोड' म्हणाला की तिथल्या तिथे सोडायचा. वाद नाही. हा नियम मीच आणला, वीस वर्षांपूर्वी, कारण त्याआधी दर हंगामात दोघांची तरी डोकी फुटायची.

गुलिझार माझ्या दोस्ताची मुलगी. सुलेमान आणि मी चाळीस वर्षं धारेवर शेजारी शेजारी बसलो. त्याचा आडोसा सगळ्यात मोक्याच्या जागी, जिथे डोंगराची सोंड समुद्राकडे वळते. ससाणा तिथून गेला नाही असं होतच नाही. गेल्या हिवाळ्यात सुलेमान गेला. मुलगा नाही. बायको आधीच गेलेली. अशा वेळी जागा पुतण्याला जाते, म्हणजे रसूलला. ते ठरल्यासारखंच होतं. तर ही पस्तीस वर्षांची बाई, नवऱ्याला सोडून माहेरी आलेली, सरळ मुहित्तिनच्या चहाखान्यात शिरली आणि म्हणाली, "आडोसा माझा आहे."

चहाखान्यात बायका येत नाहीत. मुहित्तिनच्या हातातला पेला तसाच राहिला.

"तुझा कसा?" रसूल म्हणाला. "जाळं तू लावणार? आणि पक्षी माणसाळवायला आठवडाभर हातावर घेऊन कुठे बसणार, इथे? आमच्या मांडीला मांडी लावून?"

"मांडीला मांडी नको," ती म्हणाली. "तुझ्या पायांचा वास येतो. त्या खिडकीशी बसेन."

सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्याच्या भरातच म्हणालो, "एक हंगाम द्या तिला. यंदाची एक मादी स्वतः धरून आणायची, मी बघणार. चांगली निघाली तर आडोसा तिचा. नाही तर रसूलचा." सगळ्यांना पटलं. कुणालाही वाटत नव्हतं की ती आणेल.

पण पोरगी बापाची होती. ऑगस्टातच ओल्या जमिनीत बिळं करणारे ते जाडे किडे उकरून काढले तिने, त्यांच्या आमिषावर खाटीक पक्षी धरला, ससाण्याला जाळ्याकडे ओढायला त्याला काडीवर उडायला शिकवलं. खाटकाच्या डोळ्यांवर चामड्याची टिकली लावावी लागते, नाही तर ससाणा येताना दिसला की तो घाबरून पडून राहतो आणि सगळं मुसळ केरात. ते नाजूक काम रसूलला अजून नीट जमत नाही. तिने एका दुपारी केलं. रोज पहाटे मक्याची भाकरी फडक्यात बांधून वर जायची. सतरा दिवस रिकाम्या हाताने आली. रसूल रोज दारातून विचारायचा, "काय ताई, आज कावळा तरी मिळाला का?" ती म्हणायची, "कावळा इथे खाली बसलाय, वर कसा मिळेल?"

अठराव्या दिवशी दुपारी ती आली. बाहेर पाऊस कोसळत होता, चहाखान्यातले दिवे गेलेले. डोक्याला बांधलेला रुमाल भिजून चिकटलेला, हातात फडक्यात गुंडाळलेला पक्षी. कुणी काही बोललं नाही. खुर्च्या सरकल्या आणि सगळे भोवती जमले. तिने पक्षी माझ्या हातात दिला.

"मामा, बघा."

पक्ष्याची पाठ गडद, भाजलेल्या हेझलनटसारखी. असा रंग दहा वर्षांत एखादा. मी त्याचं डोकं माझ्या डोळ्यांजवळ आणलं. खिडकी मागे होती, उजेड नव्हता, आणि माझ्या डोळ्यांपुढे रोजचं धुकं. मला एक काळा ठिपका दिसला.

एखाद्या शहाण्या माणसाने म्हटलं असतं, दारापाशी चला, उजेडात बघू. पण उस्ताद उजेड मागत नसतो. उस्ताद एका नजरेत सांगतो. मी सांगितलं.

"काळा डोळा. दुसरी जात आहे पोरी. सोड."

बोललो आणि पक्षी तिला परत द्यायला म्हणून त्याचा पाय धरला. माझ्या बोटांना त्याच्या पायाचं मधलं बोट लागलं. लांब, बारीक, विणायच्या सुईसारखं. दुसऱ्या जातीची बोटं आखूड आणि जाडी असतात. चाळीस वर्षं मी ते पाय हाताळलेत. डोळ्यांना शंभर मोतीबिंदू होऊ देत, बोटांना होत नाहीत. हा आपलाच पक्षी होता. यंदाची मादी, आणि कशी मादी! सुलेमानने असली बघितली असती तर रडला असता.

तोंड उघडलं होतं मी. 'थांब' एवढाच शब्द होता. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "वा उस्ताद! अंधारातसुद्धा काय नजर आहे!" आणि रसूल म्हणाला, "ऐकलंस ना ताई? सोड."

मी तोंड मिटलं.

हे मी आज कुठल्या तोंडाने सांगतोय ते मला माहीत नाही, पण सांगतो. मला त्या क्षणी ते 'वा उस्ताद' गोड लागलं. थांब म्हणालो असतो तर लोकांनी विचारलं असतं, आत्ता तर काळा म्हणालास, मग दिसलं नाही का तुला? त्या एका प्रश्नाला मी घाबरलो.

गुलिझारने पक्षी घेतला. दाराच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली, वळली आणि बराच वेळ तशीच थांबली. मला वाटलं, पाऊस थांबायची वाट बघतेय. मग तिने हात उघडले.

दुसऱ्या दिवशी रसूलने आडोशावर आपलं जाळं टांगलं.

तीन दिवस मला घास गिळवेना. बायको म्हणाली, कोबीची भाजी बिघडली का? मी तिच्यावर ओरडलो. रात्री कूस बदलली की सुलेमान समोर. चौथ्या दिवशी उठलो आणि ठरवलं, आता सांगून मोकळं व्हायचं. चहाखान्यात गेलो. सगळे होते, रसूलही होता, त्याच्या हातावर एक बरी मादी बसलेली.

मी उभा राहून म्हणालो, "ऐका. मला दिसत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्या दिवशी गुलिझारचा पक्षी मी चुकीचा सांगितला."

आता छत कोसळेल असं वाटलं होतं मला. मुहित्तिनने माझ्यासमोर चहा ठेवला.

"बस उस्ताद. माहीत आहे आम्हाला."

"काय माहीत आहे?"

"तुला दिसत नाही ते. दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी मी मिशा काढल्या तर तू दोन दिवस मला माझा भाऊ समजून बोलत होतास."

कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले.

"मग मी सोडायला सांगितलेले पक्षी?"

"आम्ही आधीच बघून ठेवतो. तुझ्या हातात द्यायच्या आधी कुणीतरी मोठ्याने बोलतं ना, 'लहानखुरा, नर दिसतोय', 'जुनी वाटते'? ते तुझ्यासाठीच असतं. तू तेच सांगतोस. तुझाही मान राहतो, कामही होतं."

तीन वर्षं मी जी अब्रू जपत होतो ती ही माणसं मला रोज चमच्याने भरवत होती. हसावं की रडावं कळेना. आणि मग दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली.

"त्या दिवशी कुणी काही बोललं नाही."

कुणी माझ्याकडे बघेना. मुहित्तिन फडक्याने कोरडंच टेबल पुसायला लागला.

"मुहित्तिन, त्या पक्ष्याचा डोळा कसा होता?"

"पिवळा," तो म्हणाला. "लिंबासारखा."

"तू बघितलास?"

"सगळ्यांनीच बघितला, उस्ताद."

"मग तोंडात काय भाकऱ्या कोंबल्या होत्या सगळ्यांनी?"

"तुझा मान..."

"माझा मान गेला चुलीत! माझ्यावर ढकलू नका. एरवी मोठ्याने बोलायला जमतं, त्या दिवशीच दातखीळ बसली?"

रसूल हातावरच्या पक्ष्याला कुरवाळत म्हणाला, "आता उगाच कशाला, उस्ताद? बाई धारेवर बसलेली कुणाला हवी होती? तुलाही नको होती. आणि उस्ताद सोड म्हणाला की वाद नाही, हा नियम कुणाचा? तुझाच ना?"

"आडोसा परत दे तिला."

"देतो की. पक्षी दाखवा, लगेच देतो."

पक्षी एव्हाना कुठल्या कुठे गेला असेल. मी एकेकाचं नाव घेऊन विचारलं, चला, निदान तिला जाऊन सांगू. लग्नकार्याला न बोलावता जाणारी माणसं, पण त्या दिवशी प्रत्येकाला काहीतरी काम निघालं. मी एकटाच निघालो.

गुलिझार चहाच्या मळ्यात होती, कात्रीने पाला कापत. मला बघून तिने पिशवी खाली ठेवली, फडकं झटकून दगडावर अंथरलं. "बसा मामा. वर का चढलात एवढं? निरोप पाठवायचा."

मी बसलो नाही. म्हणालो, "पोरी, तुझा पक्षी चांगला होता. मला दिसलं नाही. डोळे गेलेत माझे."

"माहीत आहे मला."

"डोळ्यांचं?"

"दोन्ही माहीत होतं. बाबांनी सांगितलं होतं तुमच्या डोळ्यांचं. म्हणाले होते, हुर्शितला चारचौघांत कधी खोटं पाडू नकोस. आणि पक्षी मी जाळ्यातून काढला मामा, पिवळा डोळा मला दिसणार नाही का?"

"मग सोडलास का?"

ती कात्रीला चिकटलेला पाला नखाने काढत राहिली.

"लगेच नाही सोडला. दारात उभी राहिले होते, आठवतं? एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, कुणीतरी बोलेल. मुहित्तिनकाका बोलतील. बाबांबरोबर जेवलेली माणसं. अकरा जण होते, मोजले मी. सगळे खाली बघत होते. मग मला कळलं, की यांच्यात बसण्यासाठी मी अठरा दिवस भिजले. मग हात उघडले."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिला काय वाटलं कोण जाणे, तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"तुम्ही जिवाला लावून घेऊ नका मामा. तुमच्यावर राग नाही माझा. त्यांना दिसत होतं आणि ते गप्प बसले. तुम्हाला तर खरंच दिसलं नाही. तुम्ही एकटेच त्यातले प्रामाणिक."

ही वेळ होती. बोटांचं सांगायची. 'पोरी, मला कळलं होतं, तू दारात उभी होतीस तेव्हा मला ठाऊक होतं, तू मोजलेल्या अकरांच्या जोडीला बारावा मी.' सगळं ओठांवर आलं होतं. जगात एक माणूस मला प्रामाणिक म्हणत होतं.

"हो पोरी," मी म्हणालो. "दिसलंच नाही बघ."

तिने फडक्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, ती मला खावी लागली. मग म्हणाली, "चला, खाली सोडते. पायऱ्या ओल्या आहेत, तुम्हाला दिसायच्या नाहीत." तिने माझा दंड धरला. प्रत्येक पायरीला 'जपून', 'इथे दगड आहे', 'आता डावीकडे' असं सांगत ती मला पार रस्त्यापर्यंत घेऊन आली आणि मी तिच्या आधाराने आंधळ्यासारखा चाचपडत उतरलो. भर उजेडात त्या पायऱ्या मला चांगल्या दिसत होत्या.