कापसातून गाळलेली हवा

अकोल्याच्या दवाखान्यात चंद्रभान औषधं कालवायचा. मूळचा दर्यापूरकडच्या शेतकरी घरातला. अमरावतीला चार वर्षं काम शिकून तो इथे आला होता. औषधांखेरीज त्याच्याकडे आणखी एक काम होतं. दवाखान्याच्या अंगणात पाऊस मोजायचं माप होतं आणि दोन तापमापकं टांगलेली होती. एकाच्या बुडाला ओली चिंधी गुंडाळलेली, दुसरं कोरडं. दोन्हींचे आकडे सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचे. त्यांच्यातल्या फरकावरून हवेत ओल किती आहे ते समजायचं. आधीच्या माणसाने हे काम वैतागून सोडलं होतं. चंद्रभान मात्र सकाळी उठला की चूळ भरायच्या आधी त्या तापमापकांपाशी जाऊन उभा राही.

१८६४ च्या मार्गशीर्षात एका सकाळी चार माणसांनी सहदेव नावाच्या गाडीवानाला उचलून आणलं. गाड्या मोर्णा नदी जिथून ओलांडत त्या उतारावर त्याची कापसाची गाडी उलटली होती आणि मांडीचं हाड मोडलं होतं. अमेरिकेतल्या लढाईमुळे त्या वर्षी विलायतेला वऱ्हाडच्या कापसाची एवढी निकड होती की वाटेवरची गाड्यांची रांग तुटत नसे. पंधरा दिवसांत त्या उतारावर उलटलेली ही तिसरी गाडी होती.

डॉक्टरांनी हाड बसवलं. चंद्रभान फळ्या बांधता बांधता म्हणाला, "डोळा लागला होता काय?"

"कायचा डोळा जी. धुकं होतं. माह्या बैलाचे शिंगं मले दिसत नोते."

"नदीवर धुकं राहतेच."

"मंग पूर्णेवर काहून नोतं?" सहदेव दात आवळून म्हणाला. "रातभर चाललो मी. पूर्णा ओलांडली तवा समदं लख्ख. मोर्णेच्या तिप्पट पानी तिथं. अन् इथं उतरलो त कोनं तोंडावर रजई टाकल्यावानी झालं."

चंद्रभानच्या मनातून ते जाईना. दुपारी त्याने गेल्या वर्षीची वही काढली. त्याच महिन्यात, त्याच दिवसांत हवेतली ओल यंदाएवढीच होती. थंडीही तेवढीच. पण धुकं असं त्याने दोनच सकाळी लिहिलं होतं; यंदा अकरा झाल्या होत्या. पाणी तेच, थंडी तीच. मग नवं काय होतं?

नव्या होत्या त्या खुशालरावांच्या वीटभट्ट्या. आगगाडी येणार होती, ठेसनासाठी विटा हव्या होत्या, आणि ठेकेदार खुशालरावांनी उतारालगतच्या सखल जागेत दोन भट्ट्या लावल्या होत्या. त्यांत कापसाची उपटलेली ओलसर झाडं, पराट्या, जाळत. धूर वर न चढता नदीच्या पात्रात बसून राही.

भट्टीच्या शेजारीच सत्यभामाबाईंचा भाजीचा मळा होता. नवरा वारल्यावर दहा वर्षं तो त्यांनीच पिकवला होता. दवाखान्याच्या स्वयंपाकाला मेथी-वांगी त्याच देत. दुसऱ्या दिवशी त्या टोपली घेऊन आल्या तेव्हा चंद्रभानने धुक्याचं विचारलं.

"तुमाले आज सुचलं इचाराचं?" त्या म्हणाल्या. "मी महिन्यापासून सांगून राहिली. खुशालरावांकडं जाऊन आली. ते म्हनते, धुकं पान्याचं असते बाई, धुराचं नाई; नदी काई मी आनली नाई." त्यांनी पदराचं टोक पुढे केलं. त्यावर काळपट डाग होते. "वांग्याच्या पानावरचं दव पुसलं सकायी. पानी असं राहते काय?"

"रोजच असं राहते?"

"भट्टी पेटली असली की. मधात विटा काढाले आठ दिवस इस्तू नोता, तवा आठी दिवस सूर्य उगवताना दिसला मले. तुमच्या वहीत पाहून घ्या."

त्याने पाहिलं. ते आठ दिवस वहीत स्वच्छ होते.

आता चंद्रभानला ते डोळ्यांनी पाहायचं होतं. त्याने औषधाची मोठी काचेची बाटली धुतली, तळाशी दोन बोटं पाणी ठेवलं, बुचाला दोन भोकं पाडून त्यांत काचेच्या नळ्या बसवल्या. एका नळीच्या तोंडावर बोट दाबून दुसरीतून त्याने जोरात हवा ओढली. बाटलीतली हवा विरळ होऊन गार पडली आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात आत क्षणभर पांढरी झाक आली. बोट काढताच ती गेली. मग त्याने विझलेल्या काडीचा जरासा धूर आत घेतला, तो दिसेनासा होईपर्यंत थांबला आणि पुन्हा ओढलं. या वेळी बाटली दुधासारखी भरली.

धुराने धुकं वाढतं हे दिसलं. पण साध्या हवेतही थोडं होतंच होतं. धूर मुळीच नसलेली हवा आणायची कुठून, इथे तो चार दिवस अडकला. त्याने बाटली शेतात नेली, देवळाच्या गच्चीवर नेली. झाक येतच राहिली.

मेथीची टोपली ठेवताना सत्यभामाबाईंनी त्याला असा बाटलीकडे बघत बसलेला पाहिला. त्याने अडचण सांगितली. त्या दाराशी टेकून ऐकत होत्या.

"माह्या बांधाशी कापसाच्या गाड्या थांबते," त्या म्हणाल्या. "चार दिवस राहिली त वरचा कापूस काळा पडते. पन बोटभर आत हात घाला, पांढराशुभ्र. आतपर्यंत धूर जात नाई. कापूसच धरून ठेवते त्याले."

चंद्रभानने त्यांच्याकडे पाहिलं. मग जखमांवर ठेवायच्या कापसाचा बोळा घेतला आणि एका नळीत घट्ट बसवला. बाटलीतली जुनी हवा काढून कापसातून नवी येऊ दिली. असं वीसेक वेळा केलं. मग कापसाची नळी दाबून धरली आणि ओढलं.

काहीच झालं नाही. पाणी तळाशी होतं, काच गार होती, ऊन आरपार जात होतं. त्याने पुन्हा ओढलं. बाटली स्वच्छच.

"फुटली काय?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"नाई." त्याने बाटली उन्हासमोर धरली. "पान्याले बसाले जागाच नाई आत. पानी धुरावर बसते, बाई. धुळीवर बसते. धुराच्या एकेका कनावर एकेक थेंब."

त्या खाली बसल्या आणि त्यांनी बाटली हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिली.

रविवारी दोघं खुशालरावांकडे गेले. खुशालराव तापट होते, पण खोटं बोलणारे नव्हते. ओसरीवर उन्हात त्यांनी बाटली पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"मी धुकं आनलं म्हनून सांगाले आले तुमी?"

"तुमीच ओढून पाहा," चंद्रभान म्हणाला.

खुशालरावांनी कापसाने गाळलेली हवा ओढली. काही दिसलं नाही. मग चंद्रभानने कापूस काढला, त्यांच्याच चिलमीचा धूर नळीपाशी धरला आणि पुन्हा नळी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ओढलं. बाटली पांढरी झाली. त्यांनी ती खाली ठेवली, उचलली, पुन्हा ओढलं. असं पाच-सहा वेळा.

"पानी तेच?"

"तेच. तुमच्या पुढंच हाय."

त्यांनी बाटली खाली ठेवली. शेवटी म्हणाले, "तो गाडीवान कसा हाय?"

"पाय जुळून राहिला. चालंल."

"विटा थांबवता येत नाई मले. आगगाडी माह्यासाठी थांबनार नाई."

"थांबवा कोन म्हनते?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "उताराच्या पलीकडं, नदीच्या खालच्या अंगाले टेकाड हाय. हिवाळ्यात सांजच्याले गार हवा नदीनदीनं खाली वाहते, मी रोज अंगावर घेते. टेकाडावरचा धूर उताराकडं येनारच नाई. अन् पराटी वाळवून जाळा. भट्टीही लवकर तापंल तुमची."

खुशालरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आधीच्या खेपेला त्यांनी या बाईला फाटकातूनच परत पाठवलं होतं. "पलीकडची जागा उद्या दाखवसान मले?" त्यांनी विचारलं.

जळत असलेली भट्टी तशीच पुरी झाली, पण पुढच्या दोन्ही टेकाडावर लागल्या. धुकं पुरतं गेलं नाही. पौषात पाच-सहा सकाळी ते आलंच, पण विरळ, आणि दिवस कासराभर वर येण्याआधीच फाटून जाई. उतारावर त्या मोसमात आणखी गाडी उलटली नाही. सत्यभामाबाईंच्या मळ्याच्या बांधावरचा झेंडू, जो काळा पडून गळत होता, त्याला माघात पुन्हा कळ्या धरल्या.

चंद्रभानने वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात हे सगळं थोडक्यात लिहिलं. दर महिन्याला वहीची नक्कल वरच्या कचेरीत जाई; तिथून उत्तर आलं की शेऱ्यात फक्त वारा आणि ढग लिहावेत. त्याला वाईट वाटलं, पण दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी त्याने बाजारातून स्वतःसाठी कोरी वही आणली.

फाल्गुनात एकदा सत्यभामाबाई अंगणात उभ्या राहून वर बघत होत्या. आभाळात एक लहानसा ढग होता.

"तिथं त भट्टी नाई," त्या म्हणाल्या. "मंग तो कायच्यावर बसला असंल?"

चंद्रभानने त्यावर विचार केला नव्हता. "मले माहीत नाई," तो म्हणाला. "धूळ जात असंल वरपर्यंत. वनव्याचा धूर. का आनखी काई, जे आपल्याले दिसतच नाई."

"पाहाले जाता येत नाई काय?"

"येते. श्रावणात चिखलदऱ्याले ढग जमिनीवर उतरते म्हनते. मानूस त्याच्यातून चालत जाते."

त्याच दुपारी त्याने डॉक्टरांकडे श्रावणात पंधरा दिवसांची रजा मागितली. डॉक्टरांनी कारण विचारलं; त्याने खरं तेच सांगितलं. डॉक्टर हसले, आणि अर्जावर सही करता करता म्हणाले, "काय दिसलं ते आल्यावर मला आधी सांगायचं."